उद्योगनगरीच्या सरोवराचा शिल्पकार

जुन्या शहरांची ओळख पुष्कळदा त्यांच्या तलावांवरून होते. उदयपूरला जाणारा प्रवासी आधी पिचोलाच्या काठावर उभा राहतो, भोपाळला गेलेला मोठ्या तळ्याकडे वळतो, कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनानंतर पावले रंकाळ्याकडे निघतात आणि ठाण्यात मासुंद्याला एक फेरी मारल्याशिवाय संध्याकाळ पुरी होत नाही. या सगळ्या ठिकाणी पाणी आणि वस्ती एकमेकांच्या आधाराने वाढली. पाण्याभोवती घाट, देवळे आणि वाडे उभे राहिले आणि पुढे त्यालाच शहराचे वैभव मानले जाऊ लागले.

पिंपरी-चिंचवडला असे तळे वारशाने मिळाले नाही. येथे नद्या आहेत. पवनेच्या काठी मोरया गोसावींचे समाधी मंदिर आहे, त्याच चिंचवड गावात चापेकर बंधूंचे घर आहे, निगडीला दुर्गा टेकडी आहे आणि शिवराय व तुकोबांच्या भेटीचे भक्ती-शक्ती शिल्पही आहे. शहर पाहायला आलेला पाहुणा साधारणपणे एवढे पाहून देहू-आळंदीकडे वळतो. या शहरातील सर्वांत देखणा जलाशय मात्र त्याच्या यादीत नसतो, कारण तो एका कारखान्याच्या भिंतीआड आहे. टाटा मोटर्सच्या, म्हणजे जुन्या टेल्कोच्या आवारातील हे मानवनिर्मित तळे सुमंत सरोवर या नावाने ओळखले जाते. तेथे पाणपक्ष्यांची वस्ती आहे, काठावर दाट झाडी आहे आणि थोड्याच अंतरावर मालमोटारींचे सांगाडे जुळणीच्या मार्गावरून पुढे सरकत असतात. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, ते सुमंत मुळगावकर पुण्यात आले तेव्हा येथे खडक, मुरूम आणि पावसाळ्यापुरते उगवणारे गवत यांखेरीज फारसे काही नव्हते.

मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ रोजी मुंबईत झाला. यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्यासाठी ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले. ते पदवी घेऊन बाहेर पडले तो काळ जागतिक मंदीचा होता. शिवाय भारतात अभियंत्याला मिळणारी कामे प्रामुख्याने रेल्वे, सार्वजनिक बांधकाम किंवा एखाद्या ब्रिटिश कंपनीची यंत्रे चालू ठेवणे या प्रकारची असत. यंत्र बाहेरून यायचे, त्याचे आराखडे बाहेरून यायचे, आणि मोडलेला सुटा भागही बोटीनेच मागवावा लागायचा. हिंदी अभियंत्याने यंत्र चालवावे, फार तर दुरुस्त करावे. ते घडवणे हे त्याचे काम नाही, अशी त्या काळाची समजूत होती. मुळगावकरांचे पुढचे सगळे आयुष्य ही समजूत खोटी ठरवण्यात गेले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांची पहिली कर्मभूमी सिमेंट उद्योग ही होती. १९३६ मध्ये वेगवेगळ्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. ही मोठी कंपनी स्थापन झाली. मुळगावकर तिच्या तांत्रिक बाजूत वर चढत गेले. सिमेंटच्या कारखान्याचे हृदय म्हणजे त्याची फिरती भट्टी. पोलादाचा एक प्रचंड लांब नळकांडा किंचित तिरका ठेवून संथपणे फिरवत राहायचा आणि त्यात चुनखडी व माती सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवायची. ऐकायला सोपे वाटते. पण एवढे जड नळकांडे तापलेल्या अवस्थेत, वाकू न देता, अहोरात्र फिरते ठेवणे हे भल्याभल्यांची परीक्षा पाहणारे काम आहे. ही यंत्रसामग्री युरोपातून येत असे. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि तो मार्ग बंद पडला. सिमेंटची गरज वाढलेली आणि यंत्रे येण्याची आशा नाही, अशा पेचात मुळगावकरांनी सिमेंटची यंत्रसामग्री देशातच तयार करण्याचे काम अंगावर घेतले. संपूर्ण भारतीय यंत्रसामग्रीवर उभारलेला देशातील पहिला सिमेंट कारखाना १९४७ मध्ये चाईबासा येथे सुरू झाला. स्वातंत्र्याच्या वर्षात घडलेली ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. वास्तविक त्या वर्षाच्या इतिहासात तिला एखादी ओळ मिळायला हरकत नव्हती.

चाईबासा आज झारखंडमध्ये आहे आणि तेथून जमशेदपूर फार दूर नाही. तेथे टाटा समूहाने १९४५ मध्ये टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजेच टेल्को, सुरू केली होती. रेल्वेसाठी बाष्पइंजिने बनवणे हा तिचा उद्देश होता. ग्राहक एकच, तोही सरकार. अशा धंद्यात कंपनी फार काळ तग धरणार नाही हे जे. आर. डी. टाटा ओळखून होते. त्यांना हवा होता तो कारखाना नव्याने घडवू शकणारा माणूस. १९४९ मध्ये मुळगावकर टेल्कोत आले तेव्हा त्यांचे वय ४३ होते. त्यानंतरची जवळजवळ चार दशके त्यांनी या एका कंपनीला दिली. जेआरडींचे मोठेपण असे की, त्यांनी एकदा माणूस निवडला की त्याच्या कामात लुडबुड केली नाही. मुळगावकरांना मिळालेल्या मोकळीकीचा उल्लेख केल्याशिवाय त्यांच्या यशाची गोष्ट पुरी होत नाही. कारण पुढे पुण्यात त्यांनी जो जुगार खेळला, तो दुसऱ्या एखाद्या अध्यक्षाने खेळू दिला असता का, याची शंकाच आहे.

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी १५ वर्षांचा करार केला आणि अवघ्या सहा महिन्यांत जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. टाटा-मर्सिडीज-बेंझ या नावाच्या, समोर तीन टोकांचा तारा मिरवणाऱ्या या मालमोटारी पाहता पाहता देशभर दिसू लागल्या. असे परदेशी करार त्या काळी अनेक भारतीय कंपन्यांनी केले. बहुतेकांनी मुदत संपली की नवा करार केला, तो संपला की आणखी एक. मुळगावकरांनी कराराकडे शाळेच्या प्रवेशाप्रमाणे पाहिले. शाळा कधीतरी संपते आणि संपलीच पाहिजे, या हिशेबाने त्यांनी पहिल्या दिवसापासून एकेक सुटा भाग देशात बनवायला घेतला. १९६९ मध्ये करार संपला. तारा उतरला आणि त्या जागी टाटांचे टी हे अक्षर आले. गाडी मात्र तशीच धावत राहिली. ग्राहकाने फरक न जाणवता ती विकत घेतली, यातच त्या १५ वर्षांचा निकाल लागला. टेल्कोची रेल्वे इंजिने १९७० मध्ये बंद झाली, तोवर ११०० हून अधिक इंजिने रुळांवर गेली होती. धंद्याचा पाया एव्हाना पूर्णपणे रस्त्यावर आला होता.

करार संपण्याच्या तीन-चार वर्षे आधीच मुळगावकरांनी पुण्याकडे नजर वळवली होती. मुंबई-पुणे रस्ता आणि लोहमार्ग यांच्या कडेचा हा पट्टा तेव्हा आकार घेत होता. १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना पिंपरीला उभा राहिला होता, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली होती आणि आकुर्डी-चिंचवडच्या शिवारात एकेक कारखाना येत होता. गावे मात्र अजून गावेच होती. नगरपालिका यायला १९७० साल उजाडायचे होते आणि महानगरपालिकेला तर १९८२. चिंचवड म्हटले की लोकांना गणपती आठवत असे, कारखाना आठवत नसे.

टेल्कोला मोठी जमीन मिळाली, पण ती अशी की शेतकऱ्यानेही तिच्यावर फार आशा ठेवली नसती. येथे मुळगावकरांनी जो कार्यक्रम आखला, त्याचा क्रमच व्यवहाराच्या रूढ हिशेबाला उलटा होता. ट्रकचा कारखाना काढायचा तर कोणीही आधी ट्रकची जुळणी सुरू करील, विक्रीचा पैसा येऊ लागला की पुढचे पाहील. पुण्यात आधी आले प्रशिक्षण केंद्र. मग यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करणारा विभाग, साचे व हत्यारे बनवणारी टूलरूम, ओतशाळा. १९६६ मध्ये संशोधन केंद्राची स्थापना झाली. त्याच सुमारास झाडे लावायला सुरुवात झाली. पुण्याच्या कारखान्यातून पहिली मालमोटार बाहेर पडली ती १९७७ मध्ये. म्हणजे जमीन घेतल्यापासून दहाहून अधिक वर्षे येथे हजारो माणसे काम करीत होती आणि रस्त्यावर धावणारे एकही वाहन दिसत नव्हते.

हा उलटा क्रम समजून घ्यायचा तर टूलरूममध्ये काय चालते हे पाहिले पाहिजे. ट्रकच्या केबिनचा पत्रा हाताने ठोकून घडवत नाहीत. पोलादाच्या दोन अवजड साच्यांमध्ये सपाट पत्रा ठेवायचा, वर प्रेसचा शेकडो टनांचा दाब द्यायचा, की दरवाजा किंवा टप एका फटक्यात आकार घेतो. या साच्याला कामगारांच्या बोलीत डाय म्हणतात. डाय मिलिमीटरच्या काही शतांशांनी चुकला तरी दरवाजा चौकटीत बसत नाही आणि ही चूक पुढच्या प्रत्येक गाडीत उतरते. इंजिनाच्या ठोकळ्याला भोके पाडायची तर प्रत्येक वेळी भोक त्याच जागी यावे म्हणून ठोकळा पकडून ठेवणारी जिग आणि फिक्श्चर लागतात. एक मॉडेल बदलायचे ठरले तर असे शेकडो डाय आणि फिक्श्चर नव्याने करावे लागतात. साठीच्या दशकात हे सारे परदेशातून येत होते. परकीय चलनाची टंचाई एवढी की आयातीचा परवाना मिळवण्यातच महिनोन् महिने जात. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर तर तीच वस्तू एका रात्रीत कितीतरी महाग झाली. ज्याच्याकडे स्वतःचे साचे नाहीत, त्याला स्वतःच्या मनातील गाडी कधीच काढता येणार नाही, त्याने दुसऱ्याचे जुने मॉडेल वर्षानुवर्षे काढत बसावे, हे उघड होते. त्या काळच्या भारतीय मोटारींकडे पाहिले की हे लगेच पटते.

साचा करायला मात्र यंत्रापेक्षा माणसाचा हात महत्त्वाचा. टूल अँड डाय मेकर एका वर्षात तयार होत नाही. शेवटचा हात फिरवताना पृष्ठभाग कुठे किंचित उंच राहिला आहे हे बोटांना कळावे लागते, आणि बोटे शहाणी व्हायला वर्षे लागतात. म्हणून मुळगावकरांनी सुरुवात प्रशिक्षणापासून केली. हवेली, मावळ, खेड, मुळशी या तालुक्यांतली आणि दूरच्या जिल्ह्यांतलीही मुले अप्रेंटिस म्हणून येऊ लागली. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा कानस कशी धरावी येथपासून शिकू लागला. कित्येकांच्या घरी तोवर घड्याळदेखील नव्हते. त्यांच्या हातात आता मायक्रोमीटर आला. हे काही धर्मादाय काम नव्हते. कंपनीला कुशल हात हवे होते आणि बाजारात ते मिळत नव्हते, म्हणून ते घडवावे लागले. परंतु त्याचा जो परिणाम झाला तो कंपनीच्या हिशेबाच्या वहीत मावणारा नव्हता. पुढील काळात भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या गाळ्यांमधून जे छोटे उद्योजक उभे राहिले, त्यांपैकी अनेकांनी पहिली कानस टेल्कोच्या बाकावर चालवली होती.

झाडे आणि तळे हा याच विचाराचा भाग होता असे मानावे लागते. खडकाळ माळावर झाड लावायचे म्हणजे रोप खोचून पाणी घालण्याइतके सोपे काम नाही. प्रत्येक रोपासाठी दगड फोडून खड्डा करावा लागतो, त्यात बाहेरून आणलेली माती भरावी लागते, पहिले तीन-चार उन्हाळे त्याला जपावे लागते. अशी झाडे हजारोंनी लावली गेली. वस्तीचा मागमूस नसलेल्या जागी पाणी साठवून सरोवर करण्यात आले. झाडे वाढली तशी माती धरली गेली, पाण्याकाठी गवत आणि वेत-बांबूसारखी झाडोरा वाढली आणि पक्षी आले. हिवाळ्यात दूरच्या प्रदेशातून स्थलांतर करणारे पाणपक्षी या औद्योगिक पट्ट्यात मुक्कामाला येऊ लागले. कारखान्याची जागा उजाड आणि काळवंडलेलीच असायची, हे तेव्हा गृहीत धरले जात असे. पर्यावरण हा शब्द वर्तमानपत्रांतून रुळण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. कायदा नव्हता, सक्ती नव्हती आणि तळ्यातून एक पैशाचे उत्पन्न नव्हते. पण ज्या माणसाला दरवाजाच्या फटीतला केसभर फरक खपत नव्हता, त्याला कारखान्याभोवतीचा उजाडपणाही खपला नसावा. कामगाराने नेटके काम करावे अशी अपेक्षा असेल, तर तो ज्या आवारात दिवसाचे आठ तास काढतो ते आवारही नेटके असले पाहिजे, असा त्यामागचा हिशेब दिसतो.

त्यांच्या परिपूर्णतेच्या हट्टाच्या अनेक कथा टेल्कोत सांगितल्या जातात. सर्वांत प्रसिद्ध कथा ढाब्याची आहे. दुपारी साहेब जेवणाला वरिष्ठांबरोबर नसत. मोटार घेऊन कोठेतरी निघून जात. एखादा मोठा विक्रेता त्यांना पंचतारांकित हॉटेलात मेजवानी देत असावा अशी कुजबुज होती. कोणीतरी पाठलाग केला तेव्हा साहेब महामार्गावरील ढाब्यावर ट्रकचालकांच्या बाजेवर बसून जेवताना दिसले. गाडीत काय चांगले आहे, काय त्रासाचे आहे, हे विचारून ते टिपून घेत होते. ही कथा इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारे सांगितली गेली आहे की तिला आता लोककथेचे रूप आले आहे. तिच्यातला तपशील सोडून दिला तरी गाभा त्या ट्रककडे पाहून पटतो. ठरवून दिलेल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त माल भरायचा, खड्ड्यांच्या रस्त्यावर दिवसरात्र पळवायचे आणि बिघाड झाला की गावच्या मिस्त्रीकडून हातोडी-पान्यावर भागवायचे, ही भारतीय मालवाहतुकीची रीत. जर्मन आराखड्यात हिची तरतूद नव्हती. ती तरतूद ज्याने केली, त्याने ट्रकचालकांचे ऐकले होते एवढे निश्चित.

मुळगावकरांच्या टेल्कोचे सगळेच चित्र गुलाबी नव्हते. १९७४ मध्ये कंपनीने तरुण अभियंत्यांसाठी जाहिरात दिली, तिच्यात स्त्रियांनी अर्ज करू नये अशी अट होती. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने संतापून थेट जेआरडींना पोस्टकार्ड लिहिले. तिला मुलाखतीला पुण्यास बोलावले गेले आणि तिची निवड झाली. टेल्कोतील ही पहिली महिला अभियंता पुढे सुधा मूर्ती या नावाने लेखिका म्हणून प्रसिद्ध झाली. यंत्राच्या बाबतीत काळाच्या पुढे पाहणारी ही कंपनी माणसांच्या बाबतीत काही ठिकाणी काळाच्या मागे होती, हे त्या पोस्टकार्डाने दाखवून दिले. योगायोग असा की खुद्द मुळगावकरांच्या घरात एक कर्तबगार स्त्री होती. लीला मुळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाची चळवळ मुंबईत रुजवली आणि त्यासाठी १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रक्त विकत घेण्याचीच रीत असलेल्या काळात सुशिक्षित घरांतल्या लोकांना रक्तदानाला तयार करणे, हे खडकावर झाडे लावण्याहून सोपे नव्हते.

दहा वर्षांच्या त्या धीराचे फळ दिसले ते १९८६ मध्ये. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास सरकारने हलक्या मालमोटारींच्या क्षेत्रात जपानी सहकार्याला परवानगी दिली. टोयोटा, मझदा, निस्सान आणि मित्सुबिशी या चार बलाढ्य नावांचा हात धरून चार भारतीय कंपन्या बाजारात उतरल्या. जपानी गाड्या सुबक होत्या, इंधन कमी पिणाऱ्या होत्या आणि टेल्कोकडे त्या आकाराची गाडीच नव्हती. जमशेदपूरच्या अवजड ट्रकवर वाढलेली ही कंपनी आता मागे पडणार, असे अनेकांना वाटले. टेल्कोने परदेशी भागीदार न घेता पुण्यात स्वतःच्या अभियंत्यांकडून नवी गाडी काढून घेतली. टाटा ४०७ या नावाने ती १९८६ मध्ये आली. आराखडा येथला, साचे येथले आणि साचे करणारे हातही येथलेच. जपानी नावांच्या गाड्यांना तिने बाजारात मागे टाकले. आजही भाजीच्या बाजारात पहाटे उभी असलेली ४०७ पाहिली की टूलरूमसाठी घालवलेली ती वर्षे आठवावीत. साच्यांसाठी कोणापुढे हात पसरावे लागले असते तर एवढ्या थोड्या काळात ही गाडी निघालीच नसती.

जेआरडींनी सत्तरच्या दशकात टेल्कोचे अध्यक्षपद मुळगावकरांकडे सोपवले होते. १९८८ मध्ये त्यांनी ते रतन टाटांच्या हाती दिले तेव्हा त्यांचे वय ८२ होते. निवृत्तीचे पहिले वर्ष शांततेत जावे असे त्यांच्या नशिबी नव्हते. पुण्याच्या कारखान्यात राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात संघर्ष पेटला. ज्या प्रशिक्षण केंद्रातून हातात कानस घेऊन ही पिढी बाहेर पडली, तिचाच मोठा भाग आता फाटकाबाहेर उभा होता. कुशल कामगाराला आपल्या कौशल्याची किंमत कळते आणि ती मागण्याचे धैर्यही येते. मुळगावकरांनी कामगाराला घडवले, त्यात हेही आपसूक घडले. त्यांची पद्धत घरातल्या कडक पण मायाळू वडीलधाऱ्याची होती. हजारो कामगारांच्या कारखान्यात, नव्या पिढीच्या काळात, ती पद्धत अपुरी पडू लागली होती. या संघर्षाचा शेवट त्यांनी पाहिला नाही. १ जुलै १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, सप्टेंबरमध्ये, हजारो टेल्को कामगारांनी पुण्यात शनिवारवाड्यापाशी उपोषण केले आणि अखेर पोलिसांनी रात्री कारवाई करून त्यांना तेथून उचलले. त्या आठवड्यात सारे पुणे शनिवारवाड्याकडे पाहत होते.

मुळगावकरांना १९९० मध्ये मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले. १९९४ मध्ये टेल्कोने बाजारात आणलेल्या नव्या गाडीला त्यांच्या नावातील सु आणि आडनावाच्या इंग्रजी लेखनातील मो ही आद्याक्षरे जोडून सुमो हे नाव दिले. लोकांना ते जपानी पहिलवानाचे वाटले आणि गाडीच्या धिप्पाड बांध्यामुळे तो समज घट्ट बसला. पंचवीस वर्षे गावोगावी वडाप म्हणून, लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या प्रचारात आणि पोलिसांच्या ताफ्यात धावून २०१९ मध्ये सुमोचे उत्पादन थांबले. आपण एका अभियंत्याचे नाव घेत आहोत याची कल्पना तिच्या बहुतेक प्रवाशांना कधीच नव्हती.

१९६९ मध्ये ज्यांचा तारा टेल्कोच्या ट्रकवरून उतरला होता, ते जर्मन पाव शतकानंतर पुन्हा पिंपरीत आले. मर्सिडीज-बेंझची भारतातली मोटार १९९५ मध्ये प्रथम तयार झाली ती टेल्कोच्याच आवारात. पुढे २००९ मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. त्याच वर्षी फोक्सवॅगनही चाकणला आली. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाच्या फौजेला ज्या संग्रामदुर्गापुढे दोन महिन्यांच्या आसपास अडवून धरले, त्या किल्ल्याच्या परिसरात आज जगभरच्या वाहनकंपन्यांची फाटके आहेत. त्यांनी हा पट्टा निवडला तो येथे जमीन होती, रस्ता होता, मुंबईचे बंदर जवळ होते म्हणून. आणि येथे साचा करणारा, यंत्र लावणारा, सुटे भाग पुरवणारा माणूस तयार होता म्हणूनही. यातला शेवटचा भाग माळावर आपोआप उगवलेला नव्हता.

२००३ मध्ये टेल्कोचे नाव बदलून टाटा मोटर्स झाले. चिंचवड-भोसरी भागातल्या रस्त्याला लोक अजून टेल्को रोडच म्हणतात. त्या रस्त्याने जाताना कंपनीच्या भिंतीवरून झाडांचे शेंडे दिसतात. सरोवर दिसत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर तेथून गेले, तर पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी पाणपक्ष्यांचा एखादा थवा भिंत ओलांडून आत उतरताना नजरेस पडतो.